शेजपाळी

भंडारदऱ्याचे धरण १९२६ साली पुरे झाले आणि संगमनेर तालुक्यातील ओझरच्या बंधाऱ्यापासून निघालेल्या दोन कालव्यांनी प्रवरेच्या दोन्ही तीरांवरील माळरानांत उसाचे मळे उभे केले, हे आमच्या जिल्ह्यातील शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. परंतु ते पाणी एका शेतातून दुसऱ्या शेतात कोणत्या क्रमाने जाते हा प्रश्न ज्याचे शेत चारीच्या मुखाशी आहे त्याला सहसा पडत नाही, आणि ज्याचे शेत चारीच्या शेवटी आहे त्याचे सारे आयुष्य मात्र त्या एका प्रश्नाभोवती फिरत राहते. आमचे शेत श्रीरामपूर तालुक्यात, डाव्या कालव्याच्या एका चारीच्या टेलला होते. आवर्तन सुटल्याची वार्ता आली म्हणजे वडील पाणीअर्जाची पावती उशाशी घेऊन निजत, आणि पाटकऱ्याने पाळी सांगितली की रात्री दोन वाजताही फावडे खांद्यावर टाकून दारे धरायला निघत. बॅटरी धरण्याचे काम माझे असे.

या व्यवस्थेला पाटबंधाऱ्याच्या दफ्तरात शेजपाळी म्हणतात. शेजाऱ्यामागून शेजारी अशी ही पाळी. आणि तिचा मूळ शिरस्ता असा की पाणी द्यावयाचे ते शेवटच्या शेतापासून आरंभ करून मुखाकडे आणीत जावे. मुखाजवळच्या शेतकऱ्याला पाणी केव्हाही घेता येते. टेलच्या शेतकऱ्याचे पर्याय मात्र वरच्या प्रत्येकाने उचललेल्या पाण्याबरोबर आक्रसत जातात, म्हणून जो अधिक कोंडीत आहे त्याचा हक्क आधी. शिरस्ता कागदावर असतो आणि चारीवर तो नेहमीच पाळला जातो असे नाही. वरच्या अंगाला कोणी रात्रीतून दार फोडले तर आमच्या वाट्याला ओली माती तेवढी येई. "क्रम मोडला की पाणी कितीही सोडा, पुरत नाही," असे वडील म्हणत. या वाक्याचे गणित मला पुष्कळ वर्षांनी, पुण्याला विद्यापीठाच्या ग्रंथालयात बसले असताना उमगले. आणि ज्या संशोधनात माझी उमेदीची वर्षे गेली त्याचा उगम मी अद्यापही त्या चारीवरच मानते.

जिल्ह्यातील एका ग्रामीण महाविद्यालयात संगणकशास्त्राची अध्यापिका म्हणून मी रुजू झाले, तेव्हा तेथील परीक्षांचे वेळापत्रक एका लांबरुंद नोंदवहीत निळ्या-तांबड्या पेन्सिलींनी तयार होत असे. विषय पुष्कळ, खोल्या मोजक्या आणि दिवस त्याहून मोजके; त्यातच मागील सत्रांचे राहिलेले विषय घेऊन पुन्हा बसणारे विद्यार्थी अनेक असल्यामुळे कोणाच्या कोणत्या दोन विषयांची टक्कर कोठे होईल, याचा अदमास मुरलेल्या लेखनिकालाही लागत नसे. माझ्या पहिल्याच वर्षी एका मुलाचे दोन पेपर एकाच सकाळी आले. मुलगा पाथर्डीकडील ऊसतोड कामगाराचा; अर्ज हातात धरून तो तीन दिवस कार्यालयाच्या दाराशी उभा राहिला, आणि मुदत टळून गेल्याचे कारण सांगून त्याला एक विषय पुढील सत्रावर टाकावयास लावण्यात आले. मी पर्यवेक्षणाला होते. त्याची रिकामी जागा मी हजेरीपत्रकावर माझ्या हाताने नोंदविली. त्या रात्री मी ती नोंदवही घरी नेली.

सामान्य वाचकापुढे 'आलेख' या शब्दाने चढउताराची रेषा उभी राहते. येथे त्याचा अर्थ निराळा आहे. काही बिंदू घ्यावेत आणि ज्यांचा परस्परांशी संबंध आहे असे बिंदू रेषांनी जोडावेत, इतकाच हा आलेख. बिंदूंना शिरोबिंदू म्हणतात आणि रेषांना कडा. प्रत्येक विषय हा एक शिरोबिंदू मानला, आणि ज्या दोन विषयांना एखादा तरी विद्यार्थी सामाईक आहे त्यांच्यात कडा काढली, म्हणजे वेळापत्रकाचा प्रश्न एवढाच उरतो की कडेने जोडलेल्या दोन शिरोबिंदूंना एकच रंग येऊ न देता सर्व बिंदू थोडक्यात थोड्या रंगांत रंगवावेत. प्रत्येक रंग म्हणजे परीक्षेची एक वेळ.

हा प्रश्न जन्मला नकाशातून. १८५२ साली इंग्लंडच्या परगण्यांचा नकाशा रंगविताना फ्रान्सिस गथ्री या तरुणाला असे वाटले की कोणत्याही नकाशाला चार रंग पुरावेत. त्याच्या भावाने ती शंका आपले गुरू ऑगस्टस डी मॉर्गन यांच्यापुढे ठेवली, ज्यांचा जन्म आपल्याकडे मदुराईला झाला होता. तिचे उत्तर मिळण्यास १९७६ साल उजाडले, आणि अपेल व हाकेन यांना ते संगणकाच्या साहाय्यानेच मिळविता आले. माझ्या वर्गात मी हे सांगते ते आमच्याच जिल्ह्याच्या नकाशावर. त्यावर अद्याप अहमदनगर असे छापलेले आहे, कारण जिल्हा २०२४ साली अहिल्यानगर झाला आणि नकाशा त्याहून जुना आहे. तालुके चौदा. राहुरीभोवती संगमनेर, राहाता, श्रीरामपूर, नेवासा, नगर आणि पारनेर असे सहा शेजारी कडे करून बसलेले आहेत; सहा ही सम संख्या असल्यामुळे त्या कड्याला दोन रंग आलटून पालटून पुरतात, तिसरा राहुरीला, आणि उरलेला जिल्हाही त्या तीन रंगांतच निभावतो. कड्यात एक तालुका कमी असता तर चौथ्या रंगावाचून गत्यंतर नव्हते.

नकाशाला चारांची मर्यादा आहे. वेळापत्रकाच्या आलेखाला तशी कोणतीही नाही. किती रंग किमान लागतील हे त्वरेने आणि अचूक सांगणारी रीत आजवर कोणालाही सापडलेली नाही, आणि रिचर्ड कार्प यांनी १९७२ साली ज्या एकवीस दुष्कर समस्यांची मांडणी केली तीत हीही आहे. म्हणून व्यवहारात एकेक बिंदू घेऊन रंगवीत जावे लागते, आणि मग सारे काही क्रमावर येऊन ठेपते. दोन रंगांत होणाऱ्या आलेखाला केवळ क्रम विपरीत धरल्यामुळे डझनभर रंग लागल्याचे उदाहरण मी फळ्यावर करून दाखविते, तेव्हा मुले प्रथम विश्वास ठेवीत नाहीत.

या क्रमाविषयी दोन मते मला त्या वर्षी वाचावयास मिळाली. पहिले वेल्श आणि पॉवेल यांचे, १९६७ सालचे. त्यांच्या निबंधाच्या शीर्षकातच वेळापत्रकाचा उल्लेख आहे. त्यांचा दंडक असा की ज्या शिरोबिंदूच्या कडा सर्वांत अधिक, त्याला आधी रंग द्यावा. ही रीत सोपी आहे, आणि गावगाड्याच्याही परिचयाची आहे: ज्याचा राबता मोठा त्याची पंगत पहिली. दुसरे मत दानिएल ब्रेलाझ यांचे, १९७९ सालचे. ते सांगतात की क्रम एकदाच ठरवून मोकळे होऊ नये. प्रत्येक पायरीला थांबून पाहावे की ज्यांना अद्याप रंग मिळालेला नाही त्यांपैकी कोणाच्या शेजाऱ्यांनी सर्वांत अधिक निरनिराळे रंग अडवून धरले आहेत, म्हणजे कोणापुढे सर्वांत थोडे पर्याय उरले आहेत, आणि पुढचा रंग त्याला द्यावा. दोघे सारख्याच कोंडीत असतील तरच कोणाचा राबता मोठा हे पाहावे. तो परिच्छेद मी दोनदा वाचला, आणि मग वही मिटून खिडकीबाहेर पाहत राहिले. कारण दूर युरोपातील एका गणितज्ञाने लिहिलेली ती शेजपाळी होती.

महाविद्यालयाच्या जुन्या संगणकावर मी ब्रेलाझ यांच्या रीतीने वेळापत्रक मांडले. टक्कर एकही उरली नाही, आणि नोंदवहीतल्यापेक्षा दिवसही कमी लागले. पेन्सिली वापरणारे आमचे वृद्ध लेखनिक त्या सायंकाळी माझ्या शेजारी बसून प्रत्येक विषयाची रुजुवात करीत होते, शेवटच्या पानावर त्यांनी सही केली आणि म्हणाले, "बाई, आता त्या पोराला बोलवा." तो मुलगा तोवर शिक्षण सोडून गेला होता.

या विषयावर प्रबंध लिहावा असे ठरले, आणि कदाचित मी आयुष्यभर वेळापत्रकेच रंगवीत बसले असते. दिशा बदलली ती १ जुलै २०१८ रोजी. धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यात राईनपाडा येथे, मुले पळविणारी टोळी आल्याची आवई भ्रमणध्वनीवरून पसरली, आणि भिक्षेसाठी गावोगाव हिंडणाऱ्या, मंगळवेढ्याकडील नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ठार मारले. त्यांच्यापैकी कोणी चोर नव्हता. त्याच महिन्यात व्हॉट्सअॅपने भारतात एक संदेश एका वेळी पाचांहून अधिक ठिकाणी पुढे पाठविण्यास अटकाव केला. आलेखाच्या भाषेत तो उपाय उचित होता, कारण प्रत्येक बिंदूतून फुटणाऱ्या फांद्या त्याने मोजक्या केल्या. पण माझ्या मनातून एक गोष्ट हलेना. संदेश धाडणारे, वाचणारे आणि त्यावर विश्वासणारे हे सारे त्या जाळ्यातले शिरोबिंदू होते. ज्यांचा जीव गेला ते पाच जण त्या जाळ्यात कोठेच नव्हते. आपल्याविषयी काय लिहिले जात आहे हे त्यांच्यापर्यंत पोचतच नव्हते, मग खुलासा कोठून करणार? समाजमाध्यमांच्या सुरक्षिततेचे शास्त्र खातेदाराच्या संरक्षणाचा विचार करते, आणि येथे तर त्या जाळ्याबाहेरचा मनुष्य मेला होता.

त्यानंतर काही महिन्यांनी माझी एक विद्यार्थिनी प्रयोगशाळा बंद होण्याच्या वेळी थांबली. कोणी तिच्या नावाने आणि छायाचित्राने बनावट खाते उघडून तिच्या मैत्रिणींना, मग मैत्रिणींच्या भावांना, मग अनोळखी माणसांना निरोप धाडीत होते. ती एका कार्यालयात फिर्याद घेऊन गेली, तेथे तिला तिचेच खरे खाते बंद करण्याचा सल्ला मिळाला. घरी तिचा फोन काढून घेण्यात आला. गुन्हा केला कोणी आणि शिक्षा झाली कोणाला, याचा संताप मला आजही आवरत नाही. मी तिच्या मैत्रिणींना विचारले, तुम्ही त्या खात्याची मैत्री पत्करली कशी? सगळ्यांचे उत्तर एकच: "मॅडम, दोन मैत्रिणी सामाईक दिसल्या."

या उत्तरावर मला एका मराठी गणितज्ञाची आठवण झाली. मुंबई विद्यापीठाच्या गणित विभागाचे प्रमुखपद भूषविलेल्या शरदचंद्र श्रीखंडे यांचे नाव जगभर झाले ते १९५९ साली, बोस आणि पार्कर यांच्यासमवेत ऑयलरचे पावणेदोनशे वर्षांचे अनुमान खोटे ठरविल्यामुळे. परंतु त्यांच्याच नावाने ओळखला जाणारा सोळा बिंदूंचा एक आलेख आहे, आणि तो मला त्या पराक्रमाइतकाच मोलाचा वाटतो. त्यात प्रत्येकाचे सहा शेजारी; कोणतेही दोघे शेजारी असोत वा नसोत, त्यांचे सामाईक शेजारी बरोबर दोन. आता बुद्धिबळाचा चार बाय चार घरांचा पट घेऊन, हत्ती ज्या घरांतून परस्परांवर मारा करील ती घरे जोडावीत, तर तेथेही नेमके हेच आकडे येतात. तरी हे दोन आलेख एक नव्हेत. हत्तीच्या पटावर प्रत्येकाचे सहा शेजारी तिघातिघांच्या दोन घट्ट टोळक्यांत वाटलेले असतात, आणि श्रीखंडे आलेखात तेच सहा जण राहुरीभोवतीच्या तालुक्यांसारखे कडे करून बसतात. सामाईक मित्रांची गणती दोन्हीकडे सारखीच, आतील वीण वेगळी. दोन मैत्रिणी सामाईक दिसल्या म्हणून ओळखीची खातरजमा झाली असे मानणाऱ्या मुलींना मी हे दोन आलेख फळ्यावर शेजारी शेजारी काढून दाखविले. खऱ्या माणसाचे जाळे काही गुच्छांनी बनते, घरचा एक, गावचा एक, महाविद्यालयाचा एक; बनावट खात्याच्या ओळखी बहुधा इकडून तिकडून वेचलेल्या असतात आणि त्यांचा एकमेकांशी फारसा संबंध नसतो.

प्रबंधाचा उत्तरार्ध यावर उभा राहिला. बनावट खात्यांचा बंदोबस्त करणाऱ्या, २००६ नंतर पुढे आलेल्या अनेक रीती असे गृहीत धरतात की खोटी खाती आपसांत कितीही जोडलेली असली तरी खऱ्या जाळ्याशी त्यांना जोडणाऱ्या कडा थोड्याच असणार. आमच्या खेड्यांत हे गृहीत लंगडे पडते. येथे आलेल्या माणसाला नाही म्हणणे असभ्यपणाचे मानतात, आणि मैत्रीची विनंती हीही दारात आलेल्या पाहुण्यासारखीच स्वीकारली जाते. म्हणून खात्याचा विश्वासांक त्याच्या शेजाऱ्यांवरून, आणि शेजाऱ्यांचा त्यांच्या शेजाऱ्यांवरून, पुनःपुन्हा मोजावा लागे. हे काम अनेक संगणकांवर एकाच वेळी चालविताना दोन शेजारी बिंदूंचे आकडे एकदमच बदलू लागले की हिशेब बिघडे. त्यावर उपाय रंगांचाच. एका रंगाच्या बिंदूंमध्ये कडा नसते, तेव्हा एका फेरीत एकाच रंगाचे बिंदू हाती घ्यावेत. चारीवर शेजारची दोन दारे एकदम उघडीत नाहीत, तसेच हे. भारनियमनाच्या दिवसांत रात्री प्रयोगशाळेत बसून आम्ही हे केले, आणि विद्यार्थ्यांनी जनित्राच्या डिझेलसाठी आपसांत वर्गणी काढली, त्याचा उल्लेख प्रबंधाच्या ऋणनिर्देशात आहे.

त्याच काळात माझ्या हातून एक चूक होता होता राहिली. विद्यार्थ्यांनी लेखी संमतीने आपल्या मैत्रीच्या याद्या मला दिल्या होत्या. मी नावे पुसून आकडे घातले आणि तो आलेख मोठ्या कागदावर छापून भिंतीवर लावला. दुपारपर्यंत एका मुलीने त्यात स्वतःला ओळखले, मग आपल्या चुलतबहिणीला, आणि मग सहजपणे असे एक नाते बोलून दाखविले जे कोणाला कळावे अशी त्या दोघांची इच्छा नव्हती. नारायणन आणि श्माटिकॉव्ह यांनी २००९ साली हेच दाखविले होते, की नावे काढून टाकली तरी जाळ्याच्या आकारावरून माणसे ओळखता येतात. मी तो निबंध वाचलेला होता, वर्गात शिकविलेला होता, आणि तरीही कागद भिंतीवर लावला होता. तो मी त्याच क्षणी उतरविला आणि जाळला. प्रबंधात त्या आलेखाचे चित्र नाही.

मग स्वतःविषयी काहीही उघड न करता खरेपणा पटवावयाचा कसा? याचे उत्तर आलेखाच्या रंगांतच आहे, आणि मला ते या साऱ्या शास्त्रातील अत्यंत सुंदर स्थळ वाटते. गोल्डराइख, मिकाली आणि विग्डरसन यांनी १९८६ साली ते मांडले. वर्गात मी ते चौदा वाट्यांनी करून दाखविते. जिल्ह्याचा नकाशा टेबलावर पसरावयाचा. एका मुलीने सर्वांना पाठमोरे करून प्रत्येक तालुक्यावर तीनपैकी एका रंगाची चकती ठेवून वर वाटी पालथी घालावयाची. दुसरीने कोणतेही दोन शेजारी तालुके निवडावेत, समजा नगर आणि पारनेर, आणि तेवढ्याच दोन वाट्या उचलाव्यात. रंग वेगळे निघाले की वाट्या पुन्हा झाकावयाच्या, पहिलीने तिन्ही रंगांची गुपचूप अदलाबदल करावयाची, आणि पुन्हा पाळी. नकाशा नियमाप्रमाणे रंगविल्याचे पहिली खोटेच सांगत असेल, तर कोठे तरी दोन शेजाऱ्यांवर एकच रंग असणारच, आणि पुष्कळ फेऱ्यांत ते उघडकीस येण्यावाचून राहत नाही. ती खरे बोलत असेल, तर फेऱ्या कितीही झाल्या तरी दुसरीला तिच्या रंगकामाविषयी काहीच कळत नाही. खातरी होते, गुपित राहते. प्रत्यक्षात वाट्यांच्या जागी सांकेतिक लिपीची कुलुपे असतात. ज्या मुलीच्या नावाने बनावट खाते निघाले होते तिने हा प्रयोग दोनदा करवून घेतला, आणि विचारले, "मॅडम, मग ही यंत्रे आमची जन्मतारीख कशाला मागतात?" मला याहून नेमका प्रश्न कोणत्याही परिसंवादात कोणी विचारलेला नाही.

प्रबंध विद्यापीठाने स्वीकारला, पदवी मिळाली. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरांतून आम्ही गावोगाव सुरक्षिततेची माहिती देऊ लागलो, तेव्हा प्रथम सरपंच, सोसायटीचे अध्यक्ष, मोठमोठ्या गटांचे चालक यांना बोलावीत असू. म्हणजे आमचा क्रम वेल्श आणि पॉवेल यांचा होता. आवई थोपवावयाची असेल तर तो क्रम योग्यच आहे, कारण शेकडोंना एकदम निरोप धाडणारा हात तेथे असतो. पण ज्यांचे नुकसान होते ते त्या सभेला येत नाहीत. जामखेडच्या एका वस्तीवर हे प्रथम लक्षात आले. जिल्ह्याच्या नकाशात जामखेडचा एकच शेजारी, कर्जत. नगरहून तिकडे जाणारा नेहमीचा रस्ता बीड जिल्ह्यातील कडा आणि आष्टी या गावांवरून जातो. सभा आटोपून आम्ही निघालो, तो ऊसतोडीहून परतलेली एक बाई रस्त्यात भेटली. तिच्या खात्यातून पैसे गेले होते, आणि सभा आहे हे तिला कोणी सांगितलेच नव्हते. तेव्हापासून आम्ही सभा घेण्याआधी वस्तीच्या शेवटच्या घरापासून चालत येतो.

हे वाचणाऱ्या प्रत्येकाला माझी एवढीच विनंती आहे. तुमच्या घरात फोन ज्याच्या हाती सर्वांत शेवटी येतो, ती आजी असेल, सून असेल, शाळेत जाणारी मुलगी असेल, तिच्यापासून आज आरंभ करा. मैत्रयादी इतरांना दिसणार नाही अशी कशी ठेवावी, व्हॉट्सअॅपला दुहेरी पडताळणीचा आकडा कसा घालावा, आणि आलेला ओटीपी कोणालाही का सांगू नये, हे तिच्याच हाताने तिला करू द्या. पैशांची फसवणूक झाली तर लागलीच फिरवावयाचा क्रमांक १९३० आहे. तो दाराजवळच्या भिंतीवर, तिला वाचता येईल एवढ्या अक्षरांत लिहून ठेवा.